बाणेरच्या ऑफिसातून जहाजांचे स्पेअर्स आणि मेंटेनन्स कसे सांभाळायचे

"ओ-रिंग फॉर प्युरिफायर, १० नग, अर्जंट."

जहाजावरून मागणी आली ती एवढीच. जहाज यूएईतल्या फुजैरा बंदराकडे निघालंय, पोचायला पाच दिवस आहेत, आणि इकडे बाणेरच्या ऑफिसात खरेदीला बसलेल्या मुलीला या एका ओळीवर कोटेशन मागवायचंय. कुठला प्युरिफायर (तेल साफ करणारं मशीन)? जहाजावर फ्युएलचे दोन आहेत, ल्यूब ऑइलचे वेगळे आहेत. कुठली ओ-रिंग (गोल रबरी सील)? प्युरिफायरच्या एका बाऊलमध्येच वेगवेगळ्या मापाच्या कितीतरी असतात. दहा कशाला हव्यात, आत्ता हातात किती आहेत, आणि अर्जंट म्हणजे मशीन बंद पडलंय का पुढच्या महिन्यात उघडायचंय? ती जहाजाला मेल टाकते, तिकडे रात्र असते, उत्तर यायला दीड दिवस जातो, मग मेकरकडे चौकशी, आणि तोवर जहाज फुजैरा सोडून पुढे गेलेलं असतं.

मी इंजिनरूममध्ये चौदा वर्षं काढली, ज्युनिअरपासून चीफ इंजिनिअरपर्यंत, आणि आता पुण्यातून जहाजांच्या मेंटेनन्सचं आणि स्पेअर्सचं काम बघतो. हा घोळ दोन्ही टोकांनी भोगलाय म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पुण्याला समुद्र नाही पण इंदुरीला तोलानी आहे, लोणी काळभोरला मॅनेट आहे, दोन्ही मर्चंट नेव्हीची कॉलेजं, तिथून शिकून दरवर्षी पोरं-पोरी जहाजावर जातात आणि पुढे संसार सुरू झाला की बऱ्याच जणांना किनाऱ्यावरचं काम हवं असतं. शिवाय बीकॉम, एमबीए करून थेट खरेदी विभागात आलेले लोक आहेत ज्यांनी इंजिनरूम कधी बघितलेलीच नाही. त्या दोघांसाठी हे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. स्पेअर्सचं निम्मं काम जहाजावरच्या कपाटात होतं. कुठल्या मशीनला काय लागतं, त्याचा नंबर काय, ते कुठं ठेवलंय आणि खरोखर किती आहे, हे पक्कं असेल तर पुढची खरेदी, पाठवणी, बजेट हे सगळं बऱ्यापैकी सरळ जातं. ते कच्चं असेल तर कितीही महागाची सिस्टिम (मेंटेनन्स आणि स्टॉकचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्या, तुम्ही रोज आग विझवतच बसणार.

आधी मशीनची ओळख

नाना पेठेत टू-व्हीलरचा पार्ट घ्यायला गेलात तर दुकानदार फळीला हात लावायच्या आधी विचारतो, गाडी कुठली, साल कुठलं, सेल्फ का किक, आणि वर म्हणतो जुना पार्ट आणलाय का दाखवायला. हेच चार प्रश्न जहाजाला लागू होतात, फक्त इथे दुकान सिंगापूरला, गाडी हिंदी महासागरात आणि विचारणारा पुण्यात.

म्हणून पहिलं काम म्हणजे प्रत्येक जहाजाची मशीनची यादी, जिला सिस्टिममध्ये कंपोनंट ट्री म्हणतात, ती खरी करायची. मेकर, टाइप, सिरियल नंबर, कुठल्या वर्षी बसवलं. सगळ्या जहाजांना एकच नंबरिंगची पद्धत ठेवा. एसएफआय कोड बऱ्याच कंपन्या वापरतात, १९७० च्या दशकात नॉर्वेत तयार झालेला आहे, त्यात ६ च्या गटात मुख्य मशिनरी, ७ मध्ये त्या मशिनरीच्या सिस्टिम्स, ८ मध्ये अख्ख्या जहाजाच्या कॉमन सिस्टिम्स असं येतं. तुमच्याकडे दुसरी पद्धत असेल तरी चालेल, पण एका जहाजावर "एफ.ओ. प्युरिफायर नं. १", दुसऱ्यावर "एचएफओ सेपरेटर ए" आणि तिसऱ्यावर नुसतं "प्युरिफायर" असं असेल तर तुम्हाला ऑफिसात बसून कधीच कळणार नाही की एकच पार्ट तीन जहाजांवर पडून आहे आणि चौथं जहाज तोच पार्ट विमानाने मागवतंय.

आणि ही यादी जुन्या कागदावरून भरू नका, नेमप्लेटवरून भरा. याचं कारण माझ्या अंगावर आलेलं आहे. मी सेकंड इंजिनिअर (चीफच्या हाताखालचा) होतो, एक बल्क कॅरिअर (सुटा माल नेणारं जहाज), तीन जनरेटर. दोन नंबरच्या जनरेटरच्या टर्बोचार्जरचं (इंजिनला हवा दाबून देणाऱ्या भागाचं) बेअरिंग बदलायचं ठरलं, सिस्टिममध्ये २ नग शिल्लक, स्टोअरमधून काढले, सीलबंद, झकास. टर्बोचार्जर खोलला आणि बेअरिंग बसेना. पहिल्यांदा वाटलं आमचंच काहीतरी चुकतंय, दोनदा मापलं. मग मी खाली वाकून नेमप्लेट शोधली, तिच्यावर पेंटचे थर चढलेले, स्क्रेपरनं हळूहळू खरवडली, डिझेलच्या चिंधीनं पुसली, टॉर्च तिरपा धरला तेव्हा कुठे अक्षरं उठून दिसली, आणि मॉडेलच वेगळं निघालं. दोन वर्षांपूर्वी ड्रायडॉकला (जहाज पाण्याबाहेर घेऊन दुरुस्ती होते तिथे) तो टर्बोचार्जर बदललेला, नवीन बसवलेला, पण सिस्टिममध्ये जुनंच नाव राहिलं, म्हणून दोन वर्षं सगळी मागणी जुन्याच नंबरची होत राहिली. कंपनीनं पैसे मोजले, सप्लायरनं बरोबर माल दिला, जहाजानं नीट ठेवला, आणि तरी हातात काहीच नव्हतं. पुढचे अकरा दिवस आम्ही दोन जनरेटरवर काढले, आणि त्यातला एखादा बंद पडला तर काय या विचारानं मला रात्री नीट झोप लागत नव्हती.

तेव्हापासून माझा नियम आहे की प्रत्येक मशीनच्या नेमप्लेटचा फोटो सिस्टिममध्ये हवाच. रंगकाम करणाऱ्याला सांगून ठेवायचं की नेमप्लेटला आधी ग्रीस लाव किंवा टेप मार. ड्रायडॉक संपलं की काय काय बदललं याची यादी सुपरिटेंडंटनं (ऑफिसातून जहाजाची तांत्रिक बाजू बघणाऱ्या इंजिनिअरनं) पंधरा दिवसांत सिस्टिममध्ये चढवायची, बिल पास करण्याच्या आधी. आणि सिस्टर शिप (एकाच डिझाइनचं दुसरं जहाज) म्हणजे डिट्टो जहाज असं कधी धरू नका. एकाच यार्डात सहा महिन्यांच्या अंतरानं बांधलेल्या दोन जहाजांवर पंप वेगळ्या मेकरचे निघालेले मी पाहिलेत, कारण त्या वेळी यार्डाला जो स्वस्त मिळाला तो त्यांनी बसवला.

पार्ट नंबरचंही तसंच. मॅन बी अँड डब्ल्यूच्या टू-स्ट्रोक इंजिनच्या बुकात आधी प्लेटचा (आकृतीच्या पानाचा) नंबर, मग एडिशन, मग आयटम असे तुकडे असतात आणि माणसं घाईत शेवटचा आयटम तेवढा लिहितात. आयटम ३४ हा प्रत्येक प्लेटवर काहीतरी वेगळाच असतो. पूर्ण नंबर लिहा, आणि इंजिनचा नंबरही द्या, कारण मेकर त्यावरून बघतो की तुमच्या इंजिनला नंतर कुठली सुधारित डिझाइन लागू झाली. हातमोजे, पाने, पॅकिंग असल्या स्टोअरच्या सामानाला मात्र आयएमपीए या जहाज-खरेदीवाल्यांच्या संघटनेचा सहा आकडी कोड असतो, तो टाकला की जगात कुठल्याही बंदरातला चँडलर (जहाजांना सामान पुरवणारा) बरोबर वस्तू देतो, तिथे फार डोकं लावायची गरज नाही.

मोजणी, तीही हातानं

सिस्टिममधला आकडा आणि कपाटातली वस्तू यांची गाठ वर्षातून एकदा तरी घालायलाच हवी. मोठी मोजणी काढली की जहाजावर सगळे कंटाळतात आणि आकडे अंदाजानं भरतात, त्यापेक्षा रोज एक लॉकर घ्या. दोन माणसं, एक मोजणारा एक लिहिणारा, समुद्रात असताना, बंदरात अजिबात नाही. फिटर किंवा मोटरमनला बरोबर घ्या कारण काय कुठं ठेवलंय हे खरं त्यालाच माहीत असतं. आमच्याकडे एक जुने फिटर होते, दापोलीकडचे, त्यांना प्रत्येक गोष्टीची जागा तोंडपाठ, चीफसाहेबसुद्धा त्यांनाच विचारायचे. ते सुट्टीवर घरी गेले आणि पुढचे दोन महिने आमच्या निम्म्या वस्तू सापडेनात. त्या माणसाच्या डोक्यातलं ज्ञान लेबलावर यायला हवं होतं, ते आम्ही आणलं नाही ही आमची चूक.

जागेचं लेबल साधं ठेवा. लॉकर ३, फळी बी, डबा ४. तेच सिस्टिममध्ये. वस्तू जागेवर सापडली नाही तर ती नाहीच असं धरून चाला, कारण रात्री तीन वाजता मशीन बंद असताना शोधत बसायला वेळ नसतो.

मोजताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते. एक म्हणजे नग आणि सेट. पिस्टन रिंगचा एक सेट म्हणजे एका पिस्टनच्या सगळ्या रिंगा, पण कुणी ४ लिहिलं तर ते चार सेट का चार रिंगा? मी एकदा ६ सेट आहेत म्हणून निर्धास्त होतो आणि निघाल्या सहा रिंगा. दुसरं म्हणजे वस्तूची अवस्था. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे स्पिंडल घ्या, पाच दिसतात, पण त्यातले दोन नवे, एक रीकंडिशन करून आलेला, आणि दोन जळलेले, वर्कशॉपला पाठवायचे राहिलेले. सिस्टिममध्ये ५ दिसलं की ऑफिसवाला नवीन मागणी नामंजूर करतो आणि त्याचंही चूक नसतं. नवा, रीकंडिशन केलेला आणि रीकंडिशनला पाठवायचा, असे तीन वेगळे आकडे ठेवा, आणि तिसऱ्या प्रकारातली वस्तू जहाजावर महिनोन् महिने पडून राहिली तर ती उतरवून वर्कशॉपला धाडायची जबाबदारी ऑफिसची आहे, कारण जहाजावरच्या माणसाला कुठल्या बंदरात वर्कशॉप आहे हे बघायला सवड नसते.

मोजताना डबे उघडून बघा हेही सांगतो. रबर सुकतं, ओ-रिंगच्या पाकिटावर तारीख असते ती बघा. इलेक्ट्रॉनिक कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत सिलिका जेलसकट सीलबंद हवं. बेअरिंगचा कागद फाटला असेल तर खाऱ्या हवेत गंज चढायला वेळ लागत नाही. लायनर (सिलिंडरचं आतलं नळकांडं) उभा, नीट बांधून, गंजरोधक लेप लावून ठेवायचा. वस्तू आहे पण वापरण्याजोगी नाही, हे मोडल्यावर कळण्यापेक्षा मोजताना कळलेलं बरं.

किती ठेवायचं

इथे बहुतेक जण एक सूत्र शिकून येतात, महिन्याचा सरासरी खप गुणिले माल यायला लागणारे महिने, अधिक थोडा जादा साठा. सूत्र बरोबर आहे पण सगळीकडे चालत नाही.

उदाहरण घेऊ. सहा सिलिंडरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला दोन फ्युएल व्हॉल्व्ह, म्हणजे १२ नोझल. समजा तुम्ही ती ८,००० तासांनी बदलता आणि इंजिन महिन्याला ५०० तास चालतं, म्हणजे १६ महिन्यांनी सगळी १२. सरासरी काढली तर महिन्याला पाऊण नोझल. माल यायला चार महिने लागतात म्हणून सूत्र सांगतं ३ ठेवा, जादा धरून ५-६. आणि सोळाव्या महिन्यात चीफ १२ मागतो तेव्हा हातात सहा. सरासरीनं घात केला, कारण खप थेंबाथेंबानं होत नाही, एकदम होतो.

म्हणून स्पेअर्सचे दोन ढीग मनात वेगळे करा. पहिला ढीग ठरलेल्या कामाला बांधलेला, ओव्हरहॉल किट, रिंगा, नोझल, फिल्टर. हे कॅलेंडर बघून मागवायचे. पुढचे आठ-दहा महिने कुठल्या मशीनचं काय काम येतंय ते सिस्टिममधून काढा, रनिंग अवर्सचा वेग बघून तारीख बसवा, त्यातून माल यायला लागणारा वेळ वजा करा, ती ऑर्डरची तारीख. काम यायच्या आधी इतके दिवस पुढे बघितलं की अर्जंट हा शब्दच निम्म्यानं कमी होतो. दुसरा ढीग अचानक जाणाऱ्या वस्तूंचा, मेकॅनिकल सील, सोलेनॉइड, सेन्सर, रिले. याला किमान साठ्याचं सूत्र चालतं, पण आपल्या सगळ्या जहाजांचा मिळून खप धरा, एका जहाजाचा आकडा फार तुटपुंजा असतो.

आणि तिसरी गोष्ट या दोन्हीच्या वर. आयएसएम कोड, म्हणजे जहाजं सुरक्षित चालवण्याचे आंतरराष्ट्रीय नियम, १ जुलै १९९८ पासून टँकर, बल्क कॅरिअर, प्रवासी जहाजांना लागू झाला आणि बाकीच्या मालवाहू जहाजांना १ जुलै २००२ पासून, त्याचं दहावं प्रकरण मेंटेनन्सचं आहे. त्यात म्हटलंय की जी यंत्रं अचानक बंद पडली तर धोका उभा राहील ती कंपनीनं ओळखून ठेवायची आणि ती भरवशाची राहतील असे उपाय करायचे. स्टिअरिंग गिअर, इमर्जन्सी जनरेटर, इमर्जन्सी फायर पंप, ऑइली वॉटर सेपरेटर अशांची यादी बहुतेक कंपन्यांकडे असते. या क्रिटिकल यादीतल्या स्पेअर्सना खपाचं गणित लावायचंच नाही. पाच वर्षं लागला नसेल तरी ठेवायचा. आणि तो वापरला की त्याच दिवशी पुन्हा ऑर्डर, मंजुरीची वाट न बघता, याला आधीच परवानगी देऊन ठेवा. बजेटवाले कुरकुर करतात. मी त्यांना एकच विचारतो, स्टिअरिंग गेल्यावर आपण तो पार्ट कुठून आणणार आहोत?

फार मोठ्या वस्तू, म्हणजे टर्बोचार्जरचा रोटर, जादाचा लायनर, पंपाचं अख्खं युनिट, या प्रत्येक जहाजावर ठेवणं परवडत नाही. तीन-चार सारखी जहाजं असतील तर एक संच सिंगापूर किंवा रॉटरडॅमसारख्या ठिकाणी फॉरवर्डरच्या (माल पुढे पाठवणाऱ्या कंपनीच्या) गोदामात ठेवा. पण ती वस्तूही सिस्टिममध्ये दिसली पाहिजे आणि ती नक्की कुठल्या जहाजांना बसते हे नेमप्लेट जुळवून लिहिलेलं पाहिजे. नाहीतर माझ्या बेअरिंगचीच गोष्ट पुन्हा, फक्त दहापट किमतीला.

काम झालं म्हणजे खरंच झालं का

सिस्टिममध्ये ओव्हरड्यू (तारीख उलटून गेलेली कामं) शून्य दिसलं की ऑफिसात सगळे खूश होतात. मला शून्य दिसलं की मी आत जाऊन बघतो. जहाजावरच्या लोकांना दोष द्यायचा म्हणून हे बघत नाही. बंदर, तपासणी, टँक क्लीनिंग, झोप अपुरी, या सगळ्यात त्यांच्यावर आपणच शून्याचा धाक बसवलेला असतो, मग महिन्याच्या शेवटच्या दिवशी चाळीस कामं एकदम झाली म्हणून बंद केली जातात.

ओळखायचं कसं, तर साधे आडाखे आहेत. प्युरिफायरचं मोठं ओव्हरहॉल झालं असं लिहिलंय आणि एकही किट वापरलेलं दिसत नाही, म्हणजे एकतर काम झालं नाही किंवा स्टॉक खोटा आहे, दोन्हींपैकी काहीही असो, विचारायला हवं. जनरेटरचे महिन्याचे तास ७४४ च्या वर गेले तर सरळ चूक, कारण ३१ दिवसांत तेवढेच तास असतात. तीन जनरेटरचे तास मिळून महिन्याच्या तासांपेक्षा कमी आले, आणि जहाज काही बंद पडून नव्हतं, शाफ्ट जनरेटर (मेन इंजिनवर चालणारा) किंवा शोअर पॉवरही (किनाऱ्यावरची वीज) नाही, तर कुणीतरी आकडे भरायला विसरलंय. आणि तास चुकले की कामाच्या तारखा चुकतात, तारखा चुकल्या की स्पेअर उशिरा मागवले जातात, सगळी माळच सरकते.

विचारताना फोन करा, मेलवर चौकशी लावू नका. "सेकंडसाहेब, हे काम राहिलं असेल तर पुढे ढकलून देऊ, कारण लिहा" असं म्हटलं की खरं बाहेर येतं. काम पुढे ढकलायची रीतसर सोय ठेवा, कारण, धोका काय, नवी तारीख, सुपरिटेंडंटची मंजुरी. माझ्या नजरेत दहा खरी ओव्हरड्यू कामं चाळीस खोट्या टिकमार्कपेक्षा फार चांगली, कारण त्या दहांचं काहीतरी करता येतं.

मागणी, खरेदी, पाठवणी

मागणीत काय हवं ते आता लक्षात आलंच असेल. मशीनचं नाव, मेकर, टाइप, सिरियल, प्लेट आणि आयटमचा पूर्ण नंबर, हवेत किती, हातात किती, कधी लागणार, कशासाठी, आणि शक्य असेल तर जुन्या पार्टचा फोटो शेजारी पट्टी ठेवून. "अर्जंट" लिहायचं तर पुढे तारीख आणि कारण लिहायचं. ऑफिसनंही आपली बाजू पाळायची, मागणी मिळाली, मंजूर झाली, ऑर्डर गेली, कुठल्या बंदरात मिळणार, हे जहाजाला कळवत राहायचं. उत्तर आलं नाही की चीफ तीच मागणी दुसऱ्या नावानं पुन्हा टाकतो, आणि माल दोनदा येतो.

ओरिजिनल घ्यायचं का बाहेरचं, यावर लोक फार भांडतात. माझं धोरण असं की पंपाचं ग्लँड पॅकिंग, साधं बेअरिंग, नट-बोल्ट, हे चांगल्या ब्रँडचं बाहेरून घ्या. इंजिनच्या आतल्या, सेफ्टीच्या आणि कंट्रोलच्या वस्तू मेकरच्याच. त्यात फ्युएल नोझल, प्लंजर, लायनर, पिस्टन यांसारख्या वस्तूंची आणखी एक भानगड आहे. इंजिनच्या नॉक्स टेक्निकल फाइलमध्ये (धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडच्या मर्यादेसाठीची फाइल) कुठले पार्ट चालतील त्यांचे नंबर दिलेले असतात, सर्व्हेयर ते जुळवून बघतो. स्वस्तातलं नोझल बसवलं आणि नंबर जुळला नाही तर पैसे वाचवायच्या नादात सर्टिफिकेट अडकतं. म्हणून या पार्ट्सना सिस्टिममध्ये वेगळी खूण करा, म्हणजे खरेदीतल्या नव्या माणसालाही कळेल की इथे पर्याय शोधायचा नाही.

गॅस्केट आणि पॅकिंग घेताना अॅस्बेस्टॉस नसल्याचं लेखी घ्या, १ जानेवारी २०११ पासून जहाजावर नवीन अॅस्बेस्टॉस बसवायला सोलासनं (जहाजांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार) पूर्ण बंदी आहे. शिवाय जहाज मोडीत काढण्याबद्दलचं हाँगकाँग कन्व्हेन्शन २६ जून २०२५ पासून लागू झालंय, त्यामुळे जहाजावरच्या घातक पदार्थांची यादी अद्ययावत ठेवावी लागते आणि सप्लायरकडून मटेरिअल डिक्लरेशन घ्यावं लागतं. हे कागद ऑर्डर देतानाच मागा, पैसे दिल्यावर कोण लक्ष देत नाही.

कोटेशन बघताना नुसत्या वस्तूच्या किमतीला भुलू नका, जहाजाच्या डेकवर पोचेपर्यंतचा खर्च धरा. विमानाचं भाडं वजनावर किंवा आकारमानावर, जे जास्त असेल त्यावर लागतं. ६० बाय ५० बाय ४० सेंटिमीटरचा खोका घ्या, १,२०,००० घन सेंटिमीटर, भागिले ६,०००, म्हणजे २० किलो. आत सामान ८ किलोचं असलं तरी पैसे २० किलोचे. सप्लायरला सांगा लहान खोक्यात भर. त्यावर पुढे एजंट, कस्टम, लाँच (माल नेणारी छोटी बोट), क्रेन. अँकरेजला, म्हणजे बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या जहाजाला, माल द्यायचा असेल तर कधीकधी लाँचचं भाडं वस्तूपेक्षा जास्त होतं, मग दोन दिवस थांबून पुढच्या बंदरात बर्थवर दिलेलं बरं. म्हणून मी तातडीच्या सोडून सगळ्या ऑर्डर हबच्या गोदामात गोळा करतो आणि महिना-दीड महिन्यातून एकदा एकत्र पाठवतो. रंग, स्प्रेचे डबे, लिथियम बॅटऱ्या यांना धोकादायक मालाचे नियम लागतात, त्या बाकी सामानात मिसळल्या की अख्खी शिपमेंट अडकते, त्यांचा वेगळा ढीग ठेवायचा. लाकडी पेटी असेल तर आयएसपीएम १५ चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा) शिक्का बघा.

खोक्यावर जहाजाचं नाव, ऑर्डर नंबर आणि "शिप्स स्पेअर्स इन ट्रान्झिट" ठळक हवं. आणि सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे हे विसरू नका, आपण चहा पिऊन साडेदहाला फोन करतो तेव्हा तिकडे एक वाजलेला असतो, जेवायची वेळ. मी आमच्या टीमला सांगितलंय की सिंगापूरची कामं सकाळी आल्या आल्या, युरोपची दुपारनंतर.

माल जहाजावर चढताना गडबड असते, कार्गो चालू, तपासणी चालू, एजंट सहीसाठी उभा. खोकी मोजा, नंबर जुळवा, आणि उघडून बघता येत नसेल तर पावतीवर "तपासणी बाकी" असं लिहूनच सही करा. नंतर तीन दिवसांच्या आत खोकी उघडून माल सिस्टिममध्ये जमा करायचा आणि लेबल लावून जागेवर ठेवायचा. चुकीचा पार्ट आला असेल तर तक्रार लगेच करता येते, सहा महिन्यांनी खोकं उघडलं तर सप्लायर हात वर करतो आणि त्याला बोलायला आपल्याला तोंड राहत नाही.

सुरुवात करायची असेल तर

नवीन जहाज ताब्यात आलं किंवा जुन्याचीच घडी बसवायची असेल तर सगळं एकदम काढू नका. मी पहिल्या महिन्यात फक्त क्रिटिकल यादी घेतो. त्या मशीनच्या नेमप्लेट, त्यांचे स्पेअर्स, मोजणी, फोटो, जागा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मेन इंजिन आणि जनरेटर. मग प्युरिफायर, कॉम्प्रेसर, पंप. या प्युरिफायरच्या बाबतीत आपल्या पुण्याला एक सोय आहे, अल्फा लाव्हल दापोडीतच आहे. केबिनचं फर्निचर आणि गॅलीची (स्वयंपाकघराची) उपकरणं शेवटी, मात्र गॅलीचा ओव्हन बंद पडला की वीस माणसांचं जेवण बिघडतं, तेव्हा त्याचं हीटिंग एलिमेंट विसरू नका.

जहाज ड्रायडॉकला जायचं असेल तर निदान सहा-आठ महिने आधी स्पेअर्सची यादी हातात हवी. पाच वर्षांत तळाची दोनदा तपासणी होते आणि दोन्हींत ३६ महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, म्हणजे तारीख अचानक उगवत नाही, तरी दर वेळी शेवटच्या महिन्यात स्टर्न ट्यूबच्या (प्रोपेलरचा शाफ्ट जहाजाबाहेर जातो त्या नळीच्या) सीलसाठी पळापळ होते.

राहिली सेकंड इंजिनिअरची अदलाबदल. जाणारा बॅग भरून बसलेला असतो, येणारा तीस तासांच्या प्रवासानं पेंगुळलेला, आणि हातात सहा-सात तास. तेवढ्यात सगळा स्टॉक दाखवणं शक्य नाही हे मलाही कळतं. पण क्रिटिकल यादी साधारण तीस-चाळीस ओळींची असते. ती प्रिंट करून दोघांनी बरोबर लॉकरपाशी जायचं, एकेक डबा उघडून हात लावून बघायचा, ओळीपुढे खूण करायची, खाली दोघांच्या सह्या, आणि फोटो काढून ऑफिसला. पाऊण तास लागतो. तो कागद येईपर्यंत आमच्याकडे हँडओव्हर पूर्ण धरत नाहीत.